घरचा शब्द

"शब्द विचारला मी तिला. नाही सांगता आला. मग ठेवून दिला फोन," शेवंती म्हणाली आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

संचिता खूश झाली. गेला महिनाभर ती आईकडून हेच घोकून घेत होती. अनोळखी नंबर आला आणि पलीकडचा माणूस घाई करायला लागला, की आधी घरचा शब्द विचारायचा. 'खापरोळ्या', कोकणातल्या गोड पदार्थाचं नाव, हा तो शब्द, आणि तो घरातल्या तिघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता. कल्याणच्या दुकानात दिवसभर मोबाइल विकणाऱ्या पोरीच्या घरी एवढी शिस्त तर हवीच.

"काय म्हणत होती पण?"

"ठाण्याच्या हॉस्पिटलातून बोलते म्हणाली. बाबांना किडनी मिळतेय, ताबडतोब निघा."

संचिताने गॅस बंद केला. बाबांचं नाव तीन वर्षं हॉस्पिटलच्या यादीत होतं. "अगं आई, हॉस्पिटलवाल्यांना कशाला शब्द विचारलास?"

"तूच म्हणालेलीस. देव आला तरी विचारायचा."

तेवढ्यात ओट्यावरचा फोन पुन्हा थरथरला. तोच नंबर, आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टी: फसवणुकीची शक्यता. ही सोय संचितानेच मोठ्या हौसेने चालू करून दिली होती. तिने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"परशुराम यांच्या घरूनच ना? मी दिशा, हॉस्पिटलची ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. प्लीज, आता ठेवू नका."

"आमचे कोऑर्डिनेटर सुदेश सर आहेत."

"ते सोडून गेले. त्यांच्या जागी मी आलेय."

हे तर कोणीही म्हणेल. संचिताने आपल्या मोबाइलवरून सुदेश सरांना लावला, बंद. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरावर लावला, तर तिथली रेकॉर्ड केलेली बाई आरोग्याचं महत्त्व सांगत बसली. इकडे दिशाने बाबांचा रक्तगट बरोबर सांगितला. शेवटचं डायलिसिस कधी झालं तेही सांगितलं. संचिताला त्याचं काही कौतुक वाटलं नाही, कारण लोकांचे रिपोर्ट आजकाल कुठून कुठे फिरतात हे ती जाणून होती.

"मी व्हिडिओ कॉल करू का?" दिशाने विचारलं.

व्हिडिओत दुसऱ्याचा चेहरा लावून बोलता येतं, हे संचिता रोज गिऱ्हाइकांना हसत हसत दाखवायची. आज तिला त्यातलं काहीच गमतीचं वाटेना.

गेल्या महिन्यात बाबांना असाच फोन आला होता, तोही थेट संचिताच्या आवाजात. बाबा, मला गाडीने उडवलंय, मानपाड्याला या. आवाज हुबेहूब तिचा, रडणंसुद्धा तिचंच. बाबा लुंगीवरच धावत सुटले आणि जिन्याच्या तळाशी कोसळले. त्यानंतर आठवडाभर त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. पुन्हा एका खोट्या फोनवर त्यांना तो जिना उतरायला लावायचा नाही, अशी शपथच तिने घेतली होती. शिवाय किडनीची आशा लावायची आणि ठाण्याला जाऊन कळायचं, की कोणी बोलावलंच नव्हतं. बाबा काही त्यातून उठणार नाहीत.

"कोणाचा फोन गं?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"कंपनीचा आहे. झोपा तुम्ही," शेवंती म्हणाली. तिचे हात पिठात तसेच थांबले होते. मग ती हळूच लेकीला म्हणाली, "संचू, खरी असली तर गं?"

"आणि नसली तर?"

"तुम्ही हो की नाही ते सांगा," दिशा म्हणाली. "मी जास्त थांबू शकत नाही. तुमचा नकार असेल, तर पुढच्या पेशंटला कळवावं लागेल. त्यांनाही पोचायला वेळ लागतो."

"घाई तर सगळेच करतात, मॅडम. आधी किती पैसे भरायचे ते सांगा ना."

"आत्ता काहीच नाही. फक्त त्यांना घेऊन या."

"आणि आम्ही तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा? मला एक पुरावा द्या. एक तरी."

 दिशाच्या मागून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला, कोणी तरी कोणाला तरी बाजूला व्हायला सांगितलं. पण आवाज काय, तेही कोणी मागे लावून देतं, असं संचिताच्या मनात आलंच.

दिशा बोलली तेव्हा तिचा कामाचा सूर गेलेला होता. "पुरावा कुठून देऊ, ताई? मी आत्ता अवयवदानाच्या कागदावर एका आईची सही घेऊन बाहेर आलेय. तिनेही मला आज पहिल्यांदाच बघितलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही तिने. एवढंच विचारलं, माझ्या मुलाला दुखणार नाही ना."

संचिताला स्वतःचाच संताप आला, लाज वाटली. लाल पट्टी अजून तशीच होती.

"येतो," ती कशीबशी म्हणाली. "येतो आम्ही."

शेवंतीने पिठाच्या हातांनीच दाराआडचा नवऱ्याचा शर्ट ओढून काढला. तो घेऊन ती आत जायला निघाली, पण उंबऱ्यातच खाली बसली, आणि तो शर्ट तोंडावर दाबून त्या दुसऱ्या आईच्या मुलासाठी रडू लागली.