चार वाजताची अदलाबदल

"वरचा तलाव सहाशे बारा मीटर," तो म्हणाला.

"वरचा तलाव सहाशे बारा मीटर," ती म्हणाली.

"बरोबर."

दुपारचे चार. नियंत्रण कक्ष. तो उठणार, ती बसणार. मधली दहा मिनिटं नियमाची. जाणाऱ्याने एकेक वाक्य बोलायचं. येणाऱ्याने ते शब्दाला शब्द परत म्हणायचं. मग जाणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. भिंतीवरचा रेकॉर्डर सगळं टिपून ठेवतो. पूर्वी एकदा कोणीतरी कोणाचं तरी अर्धंच ऐकलं होतं आणि तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं होतं. तेव्हापासून.

दोघं नवराबायको. केंद्रात त्यांना चढ आणि उतार म्हणत. दुपारी उन्हाची वीज इतकी तयार होते की ती ठेवायची कुठे असा प्रश्न पडतो. ती वीज खाऊन तो खालच्या तलावातलं पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचा. संध्याकाळी ऊन गेलेलं, घराघरांत दिवे लागलेले. तेव्हा ती तेच पाणी खाली सोडायची. तेच यंत्र उलटं फिरायचं आणि वीज परत द्यायचं. शंभर युनिट घालून अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे बावीस पाण्यात," कोपऱ्यातल्या स्टुलावरून कारकून मघाशी म्हणाला होता. तो आस्थापना शाखेतला, दोन महिन्यांवर निवृत्ती आलेला. "कुठे जातात हो वहिनी ती बावीस?"

"कुठे जात नाहीत, भाऊसाहेब. पाण्याच्या घासण्यात, यंत्राच्या गरम होण्यात, आवाजात असतात. फक्त कोणाच्या कामाची राहत नाहीत."

"अगदी माझ्यासारखी. बरं, तो कागद आज पाचच्या आत द्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण मी रिटायर व्हायच्या आत म्हणा."

कागद तिच्या बदलीचा होता. तीनशे किलोमीटरवरचं मोठं केंद्र, बढतीसह. असाच कागद गेल्या वर्षीही आला होता. तेव्हा नवरा तिला न विचारता साहेबांना भेटला. 'घरची अडचण आहे' म्हणाला. बदली रद्द झाली. तिला ते महिन्याने कळलं, तेही याच कारकुनाकडून. कोणती अडचण, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं नाही. अडचण एवढीच होती की त्याला एकट्याने राहता आलं नसतं.

या गोष्टीला आठ महिने झाले. आठ महिन्यांत घरी बोलणं नाही. ती मध्यरात्री परतायची तेव्हा तो झोपलेला. तो सकाळी निघायचा तेव्हा ती झोपलेली, किंवा तसं दाखवणारी. फ्रिजवर चिठ्ठ्या. दूध आहे. गॅस लावला. तुझ्या आईचा फोन होता. दिवसात एकमेकांचा आवाज ऐकायचा तो या दहा मिनिटांत, आणि तोही मीटर आणि झडपांविषयी.

"खालचा तलाव पाचशे तीन मीटर."

"खालचा तलाव पाचशे तीन मीटर."

"बरोबर."

"पंप तीन पन्नासला थांबवला. झडपा बंद."

"पंप तीन पन्नासला थांबवला. झडपा बंद."

"बरोबर."

एवढंच असायचं. यानंतर तो खुर्ची सोडायचा आणि ती रजिस्टर ओढायची. आज त्याने खुर्ची सोडली नाही. एक वाक्य तो कित्येक दिवस घोकत होता. दाढी करताना, बसमध्ये, पंप चालू असताना मोठ्यानेही. घरी ते बोललं तर ती खोलीतून उठून जाईल अशी त्याला भीती होती. इथे तिला ऐकून घ्यावंच लागणार होतं. त्याने नजर पडद्यावरच ठेवली. आवाजही तोच, तलावांचा.

"गेल्या वर्षीची चूक माझी होती."

कारकुनाचा पाय हलायचा थांबला.

अकरा वर्षांत या खोलीत एकही वाक्य परत म्हटल्याशिवाय तिने सोडलं नव्हतं. ओठ आपोआप हलले. नजर मात्र पडद्यावरून त्याच्याकडे वळली होती.

"गेल्या वर्षीची चूक माझी होती."

"बरोबर," तो म्हणाला.

वाक्य त्याने घोकलं होतं. पुढचं घोकलं नव्हतं.

तिच्या तोंडच्या 'माझी'ला आपण 'बरोबर' म्हणालो हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "नाही, म्हणजे मला तसं..."

"नोंद झाली," ती म्हणाली.

ते 'बरोबर' सवयीने तोंडातून गेलं हे तिला समजलं नव्हतं असं नाही. ती सवय तिच्याइतकी कोणाच्याच ओळखीची नव्हती. घरीही तसंच चालायचं. ती काही सांगायची, तो पेपरातून मान न काढता 'बरोबर' म्हणायचा आणि विषय संपायचा.

तो उठला. ती बसली. खुर्ची अजून गरम होती. तिने रजिस्टरवर सही केली, वेळ घातली, चार अकरा. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर काहीतरी खोडलं, वर एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि कारकुनाकडे दिला.

नवरा डबा घेऊन दाराशी घुटमळत उभा होता.

कारकुनाने चष्मा लावला. आयुष्यभर त्याने कागद न वाचता घेतला नव्हता.

"'मला ही बदली मान्य,'" त्याने वाचलं. मग कागद उजेडाकडे धरला. "वहिनी, इथे आधी 'नको' लिहिलं होतं का?"

"हो. सकाळी."

"मग खोडलंय तिथे आणखी एक सही लागेल."

तिने केली.