दगडांपाशी ठेवलेला पाव

"हात लावून बघा, भिंत काही चावत नाही," नार्दो म्हणाला.

पाहुण्यांपैकी एका बाईने बिचकत बोट फिरवलं. समुद्राकाठच्या त्या जुन्या खाणीत भिंतभर टिकावाचे घाव होते, तिरप्या अक्षरात लिहिल्यासारखे.

"हे माझे. टिकाव उजव्या हाताने चालतो, म्हणून घाव असे कलतात. सही खोटी करता येते, घाव नाही."

"आणि हे उलटे कललेले?"

"एका डावखुऱ्याचे. सबंध खाणीत एकच होता. चला पुढे."

"काका, सख्ख्या भावाचं नाव घ्यायला तुमचं काय जातं हो?" निन्फा हसून म्हणाली. पाहुण्यांना खाण दाखवायचं काम नगरपालिकेने तिच्याकडे दिलं होतं, आणि तिने ते नार्दोच्या गळ्यात बांधलं होतं.

"आणि त्याला दोन ओळी लिहायला काय जात होतं?"

 फाविन्याना बेटावर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तानो नार्दोहून चार वर्षांनी धाकटा. आई जाताना त्याचा हात नार्दोच्या हातात देऊन गेली होती. एका संध्याकाळी तानो म्हणाला, पहाटेच्या, दगड नेणाऱ्या गलबताने मी ट्यूनिसला निघालो. नार्दोच्या रागाचा पारा चढला. "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस!" तानोने बोचकं उचललं, टिकाव खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. गलबतं खाणीखालच्या धक्क्यावरच लागत; पहाटे निघणारे रात्री खाणीतच पाठ टेकत. पहाटे नार्दो मुद्दामच निरोपाला गेला नाही.

त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. पहिली काही वर्षं टपालाची बोट आली की नार्दो बंदरावर जाऊन उभा राहायचा. मी काही पत्राबित्रासाठी आलेलो नाही, मासळी बघायला आलोय, असं सांगायचा. पुढे जाणं सोडलं. पण कुणी नुसतं ट्यूनिस म्हटलं तरी अजून तो ताटावरून उठायचा.

खाणीच्या टोकाशी दरडीने बुजलेलं एक दालन होतं. तिथे आला की म्हाताऱ्याला हुरूप चढायचा.

"हे दालन अठ्ठावन्न वर्षांपूर्वी एका रात्रीत कोसळलं. सकाळी मुकादमाने माणसं मोजली. एकही कमी नाही. आतला चांगला दगड संपलाच होता, म्हणून मालक म्हणाला, राहू द्या. आणि दुपारी आतून आवाज सुरू झाला. ठक्. ठक्."

"बाई गं!" बोट फिरवणारी बाई म्हणाली.

"आमच्यात मानतात, बंद खाणीत मेलेले पाथरवट काम करतात. त्यांना हाक मारायची नाही, ओ द्यायची नाही. आवाज दिलात तर ते तुमच्या घरात शिरतात. टोपी काढायची, पाव ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं. तीन दिवस मीच ठेवला पाव, अगदी त्या दगडांपाशी. खा, म्हटलं, आणि निजा आता. चौथ्या दिवशी आवाज थांबला. पोट भरलं असावं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. या गोष्टीला नेहमीच टाळ्या पडत.

पाहुणे बोटीकडे गेल्यावर निन्फाने बॅटरी काढली.

"काका, गंमत दाखवू? काल मजुरांनी बाजूने भोक पाडलंय. तुमच्या दालनात आता आत जाता येतं. पाहुण्यांसाठी वाट करायची आहे. अजून कुणी उतरलेलं नाही. पहिला मान तुमचा!"

नार्दो वाकून आत शिरला. मागोमाग ती. आत कोरडी धूळ होती आणि पलीकडून समुद्राची घरघर ऐकू येत होती. निन्फाने उजेड दरडीकडे फिरवला.

"अगं बाई! काका, बघा तरी!"

दरडीतला सगळ्यात मोठा धोंडा आतल्या बाजूने कोरलेला होता. माणूस खांद्यापर्यंत मावेल एवढं खोल भगदाड. बाहेर निघायला जेमतेम वीतभर दगड उरला होता.

"म्हणजे तुमचे मेलेले पाथरवट खरेच निघाले की! मी आपली इतकी वर्षं तुम्हाला थापाड्या म्हणत होते."

 नार्दोने तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि दगडाला टेकवून धरली. मग दुसरा हात घावांवर ठेवला आणि सवयीने, वरून खाली, बोटं फिरवली.

एकूण एक घाव उलटा कललेला होता.