शोकसभेला खुर्च्या किती

शिंपी. खुर्च्या शंभर, भरल्या नव्वद.

दातांचे डॉक्टर. खुर्च्या साठ, आले एकसष्ट. एकाने घरून स्टूल आणलं.

माजी अध्यक्ष. भाषणं नऊ, श्रोते सात.

घड्याळवाले. सभा बरोबर पाचला सुरू. अशी ही पहिलीच.

मुख्याध्यापक. खुर्च्या दोनशे, भरल्या चौतीस. त्यातले सहा जण पाऊस आला म्हणून आत आलेले. त्यांची बायको शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

उपसंपादिकेने वही मिटली. चाळीस वर्षं गावातली एकही शोकसभा टाचणकाकांनी चुकवली नव्हती. आपल्या साप्ताहिकात ते दर वेळी ‘नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते’ असंच छापत. खरे आकडे या वहीत होते.

आणि बुधवारी सकाळी दाढी करता करता टाचणकाका स्वतःच गेले. सभा रविवारी पाचला.

“खुर्च्या किती सांगितल्यास?” काकूंनी विचारलं.

“ऐंशी.”

“चाळीस सांग.”

“काकू! अहो, गावासाठी रक्त आटवलं त्यांनी.”

“मला नको सांगूस. पण रविवारी मॅच आहे. चाळीस पुष्कळ झाल्या. रिकाम्या खुर्च्या बघत बसणं मला नाही जमायचं, बाई.”

चौदा वर्षं उपसंपादिका काकांच्या हाताखाली होती. मंत्र्याचं भाषण अर्ध्यावर टाकून एकच्या ठोक्याला काकूंबरोबर जेवायला घरी जाणारा दुसरा पत्रकार तिने पाहिला नव्हता. “मंत्री पुन्हा येतील, पोळी पुन्हा गरम होत नाही,” असं ते म्हणत. तिने मनाशी ठरवलं, ऐंशीतली एकही कमी करायची नाही. ठरवलं खरं, पण धास्ती तिलाही होती.

शनिवारी त्यात भर पडली. रस्त्यापलीकडे दुसऱ्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं. त्याच्या संपादकांना सगळं गाव ‘समोरचे’ म्हणायचं. त्यांच्या अंकात ‘काटा’ नावाचं एक निनावी सदर यायचं आणि अकरा वर्षं ते एकाच माणसाला टोचत होतं. काकांनी रक्तदात्यांची यादी केली तेव्हा ‘काटा’ म्हणाला, “या गावात रक्त आहे कुणाच्या अंगात?” दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं बाह्या सरसावून दारात उभी. पण ‘काटा’ सुधारला नाही.

या शनिवारी त्याने लिहिलं होतं:

“टाचणकाका गेले. गावाने सुटकेचा निःश्वास टाकावा. चाळीस वर्षं त्यांनी गटारावर लिहिलं. गटार आहे तिथेच आहे, काका तेवढे वाहून गेले. आता शोकसभा होईल. खुर्च्या कितीही मांडा, आठ पुरतील. ज्यांच्या घरचा पंखा बिघडलाय, त्यांनी जरूर जावं.”

न्हाव्याने ते वाचलं आणि गिऱ्हाइकाची एक मिशी ठेवून तो रस्त्यावर आला. “आठ? आम्ही काय मेलोय?”

उपसंपादिका तरातरा रस्ता ओलांडून समोर गेली.

“माणूस जाऊन चार दिवस नाही झाले! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

“बसा,” समोरचे म्हणाले.

“बसायला नाही आले. कोण आहे हा मेला काटा?”

“नाव सांगायचं नाही असं ठरलंय.”

“दोन ओळी तरी गाळायच्या होत्या!”

“एक अक्षर बदलायचं नाही, अशी त्याची अट आहे. मी आजवर मोडली नाही.”

“मग उद्या आणा त्याला सभेला. सगळ्यांसमोर विचारते.”

समोरचे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

“मी एकटाच येईन,” ते म्हणाले.

रविवारी साडेचारलाच ऐंशी खुर्च्या भरल्या. मग शाळेची बाकं आली. न्हावी दुकानातलं बाकडं डोक्यावर घेऊन आला, मागून ते अर्ध्या मिशीचं गिऱ्हाईकही आलं. माणसं खिडक्यांत बसली, जिन्यावर बसली, एकमेकांच्या पायांवर उभी राहिली. “मोजा म्हणावं! आठ म्हणे!” जो तो शेजाऱ्याला मोजायला लावत होता. मॅच कुणाच्या लक्षातही नव्हती.

पालिकेचे साहेब दोन मिनिटं बोलायला उठले आणि मागून आवाज आला, “गटाराचं बोला!” साहेबांनी घाम पुसला. सोमवारपासून काम सुरू करतो, असं बोलून गेले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोकांना उशिरा आठवलं.

समोरचे अगदी मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी जागा दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. मग उपसंपादिकेच्या कानाला लागून म्हणाल्या, “बघ गं, चाळीस म्हणत होते मी. वेडी कुठली!” आणि पदराने डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं.

उपसंपादिकेने वही उघडून लिहिलं: टाचणकाका. खुर्च्या ऐंशी, आले सहाशे बारा. खाली तिच्याने राहवलं नाही म्हणून आणखी एक ओळ लिहिली: ‘काटा’चं नाक कापलं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, एक वाजता जेवायला घरी जाताना टाचणकाकांनी रस्ता ओलांडून शनिवारी छापून आलेला हा ‘काटा’ समोर नेऊन दिला होता, आधीचे सगळे दिले होते तसाच, स्वतःच्या हाताने लिहून.