नकाशातलं खोल पाणी

कोळीवाड्याचा किनारा समोर दिसत असतानाच हशा नाखव्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं. होडीवरचा वाट दाखवणारा रिसीव्हर गोड आवाजात म्हणाला, "पुढे किनारा नाही. खोल पाणी आहे. लहान होड्यांना मनाई."

"डोळे फुटले काय तुझे?" हशा ओरडला. सरकारी सक्तीचं हे यंत्र त्यानंच हळदकुंकू वाहून, नारळ फोडून बसवलं होतं. तेव्हापासून इंजिन यंत्राचंच ऐकायचं. आज नव्या बंदराचा नकाशा त्यात उतरला होता. बंदर अजून बांधायचं होतं, पण किनारा नकाशातून गेला होता.

वाळूत उभ्या असलेल्या पारूला, त्याच्या बायकोला, त्यानं हे ओरडून सांगितलं.

"किनारा नाही? मग मी काय त्या यंत्राच्या टाळक्यावर उभी आहे? दोर फेका!"

पारू आणि किनाऱ्यावरच्या बायका कमरभर पाण्यात शिरल्या आणि शिव्या घालत त्यांनी होडी ओढून काढली. होडी वाळूला टेकताच यंत्र म्हणालं, "होडी समुद्रतळाशी गेली आहे. नाखवा मृत. घरी कळवत आहोत."

वाळूवर ठेवलेला पारूचा फोन वाजला. तिनं उचलून ऐकलं आणि फोन हशापुढे धरला.

"घ्या, तुम्हीच बोला. म्हणावं, मढं बोलतंय, आणि आमचा किनारा मागतंय."