चार नंबरची जाळी

हीही साइट बंद! मोहिनीने माउस आपटला. कंपनीने बंद केलेलं नेट उघडायला तिने काल एक चोरवाट शोधली होती. आज सकाळी राजूने तीही बुजवली. स्क्रीनवर पुन्हा तीच लाल पाटी.

"ताई, किती वाटा शोधणार?" कॉम्प्युटर सांभाळणारा राजू पलीकडून दात काढत म्हणाला. "स्थळं बघताय काय?"

"तुझ्यासाठीच बघतेय. कुणी पसंत करीना."

बोलली खरी, पण बूड खुर्चीला टिकेना. सातपूरच्या या कारखान्यात मेल फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. पेनड्राइव्हची भोकं सीलबंद. गेटवर पर्सची झडती, मोबाइलही तिथेच जमा. आणि मोहिनीच्या कॉम्प्युटरमध्ये एक फोटो अडकून पडलेला: पत्रा दाबणारा चार नंबरचा प्रेस, पुढची जाळी नसलेला. हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. याच प्रेसने पेठकडच्या मंगळूची चार बोटं खाल्ली. कंपनीने सरळ लिहून दिलं, जाळी लावलेली होती, मंगळूनेच ती काढून फेकली. बोटंही त्याची गेली आणि गुन्हाही त्याचाच. भरपाई नाही, वर हकालपट्टी. निर्लज्जपणाला काही हद्द?

मंगळूची बायको नवसाबाई रोज गेटबाहेर बसायची. मोहिनी दिसली की उठायची.

"बाई, जाळी व्हतीच कुठं? जाळीनं माल कमी निघतो म्हणून लावलीच नाय. सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर निकाल देनार. कायतरी करा."

काय करणार? फोटो बाहेर गेला तरी साहेब म्हणणार, हा मंगळूने जाळी काढल्यानंतरचा. हे कळत होतं, तरी मोहिनी नव्या वाटा शोधत राहिली. राजू बुजवत राहिला.

शुक्रवारी खंडेनवमी आली. मशिनं बंद, धुऊनपुसून लख्ख. साहेबांचा दंडक असा की स्टोअरमधली वस्तू न् वस्तू बाहेर काढून पूजेला मांडायची. जी राहील ती वर्षभर घात करते, असं ते मानत. स्टोअर सांभाळणारा देवराम म्हणजे हुकमाचा ताबेदार. त्याने अख्खं स्टोअर चादरींवर ओतलं. साहेबांनी नारळ फोडला. एकेका वस्तूला कुंकू लावत, डोळे मिटून हात जोडत ते पुढे सरकले. मोहिनी दरवर्षीसारखी कंपनीच्या कॅमेऱ्याने फोटो काढत होती. एक फोटो तिने जवळ जाऊन दोनदा काढला.

"झाले ना फोटो?" साहेब प्रसन्न होते. "पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवा, डीलरना पाठवा, सगळ्यांना पाठवा. राजू, यांचं नेट मोकळं कर. सणासुदीला कसली कुलपं?"

राजूने कुलूप काढलं. "घ्या ताई. बघा आता स्थळं!"

इन्स्पेक्टरचा मेलचा पत्ता मोहिनीला पाठ होता. साहेब सगळ्यांना म्हणाले होते, म्हणून तिने तो सगळ्यांच्या आधी टाकला. फोटो एकच जोडला. त्यात साहेब डोळे मिटून, हात जोडून उभे होते आणि त्यांच्यासमोर होती मंगळूने काढून फेकलेली जाळी: वर चार नंबरची, अपघाताआधीच्या तारखेची चिठ्ठी, ताजं कुंकू, आणि सील न तुटलेलं कोरं प्लॅस्टिक.