पंच क्रमांक एक

"सर, तुमी तवा पलीकडं तोंड करून बसला होता. काय दिसलं न्हाई म्हणा. बास."

बसलिंगप्पाने हात जोडले. निलंग्याच्या कोर्टाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. रेणुकादास सरांना ते हात बघवेनात. मुरूडच्या अडतीवरचा हा हमाल भूकंपापासून पाच वर्षं आरोपी म्हणून तारखांना येत होता आणि सर त्याच खटल्यात सरकारी पंच होते.

"ऋतुजा कशी आहे?" सरांनी विचारलं.

"क्लास सोडला तिनं. पोरी चोराची पोर म्हणत्यात."

लातुरात सरांच्या गणिताच्या क्लासला जागा मिळावी म्हणून पालक वशिले लावत. बसलिंगप्पाची मुलगी अकरावीला स्वतःच्या मार्कांवर आली होती. हजेरीत तिचं नाव आलं की सर वहीतून मान वर काढत नसत. दिवाळीनंतर तिसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामीच राहिली. वर्गात बाकी मुंगीला शिरायला वाव नव्हता.

पुकारा झाला. बसलिंगप्पा आत गेला. सरही त्याच्यामागे निघाले, तर शिपायाने दारातच हात आडवा केला.

"साक्षीदार बाहेर. आतलं तुमच्या कानावर पडलं नाही पाहिजे."

सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत दोषारोप वाचला जात होता. बाहेर नुसतं पुटपुटणं येत होतं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं असावं, कारण बसलिंगप्पाचा एकच शब्द मोठ्याने ऐकू आला.

"न्हाई."

सरांनी डोळे मिटून घेतले.

भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी ते मदतीला गेले होते. पडलेल्या घरातून एका बाईचं प्रेत काढताना तिच्या हातातल्या दोन पाटल्या त्यांनी उतरवल्या. नातेवाइकांना देऊ, असंच तेव्हा मनात होतं. नातेवाईक कुणी भेटेनात. दुपारी तहसीलचा माणूस भेटला, पण सरांचा हात काही खिशातून बाहेर आला नाही. संध्याकाळी परतीचा ट्रक पोलिसांनी गावाबाहेर अडवला आणि झडती सुरू झाली. सरांनी पाटल्या शेजारच्या थैलीत सोडल्या आणि तोंड फिरवलं.

"घावलं!" हवालदार ओरडला.

थैली मदतीलाच आलेल्या बसलिंगप्पाची होती. ट्रकात शिकलेला माणूस म्हणून पोलिसांनी पंच कुणाला करावं, तर सरांनाच. त्यांनी पंचनाम्यावर न वाचता सही केली. कागदाकडे बघायचीसुद्धा छाती झाली नव्हती.

काल हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. देविका रडली नाही, भांडली नाही. "मुलींची लग्नं व्हायचीत," एवढंच म्हणाली आणि सकाळी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

"पंच क्रमांक एक!"

खटला इतका रखडला होता की न्यायाधीशांनी आजच पहिली साक्ष घ्यायचं ठरवलं होतं. सर पिंजऱ्यात उभे राहिले. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ घेतली.

सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला. "ही सही तुमची?"

"हो."

"आतला मजकूर बरोबर आहे?"

सरांनी कागद हातात घेतला नाही.

"साहेब, हा माणूस निर्दोष आहे. चोर मी आहे."

न्यायाधीशांचं पेन थांबलं. "सर, तुम्ही काय बोलताय कळतंय ना? हे तुमच्यावरच उलटेल. तुमच्यावर तसं बोलायची सक्ती नाही."

"पाच वर्षं गप्पच होतो, साहेब."

आणि सरांनी सांगून टाकलं. ती बाई, तिचा हात, खिसा, ट्रक, शेजारची थैली. टंकलेखकाची बोटं तेवढी चालू होती. वकिलांच्या बाकावर बसलेला एक तरुण त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने मान खाली घातली. सरांना ते दिसलं. तरी ते थांबले नाहीत.

"त्या पाटल्या मी याच्या थैलीत टाकल्या. याच्या पोरीनं शिक्षण सोडलं ते माझ्यामुळं."

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात बसलिंगप्पा मान हलवत होता. "न्हाई, सर. न्हाई," तो पुटपुटला. सरांना वाटलं, एवढं सोसून हा माणूस अजून आपल्यालाच जपतोय.

सरकारी वकील गोंधळून कागद चाळत होते. न्यायाधीशांनी त्यांच्याकडून पंचनामा घेतला, सावकाश वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला.

"मुद्देमाल आणा," ते म्हणाले.

कारकुनाने पाकीट आणलं. लाखेचं सील दोन्ही वकिलांना दाखवलं, साक्षीदारालाही दाखवलं, मग फोडलं. पाकीट टेबलावर उलटं केलं. आतून एक बोरमाळ घरंगळली. दुसरं काही नव्हतं.

बसलिंगप्पा कठड्याला धरून खाली बसला.

"सर," न्यायाधीश म्हणाले, "पंचनाम्यात थैलीतून निघालेली ही एकच बोरमाळ आहे. पाटल्यांची तर कुणी फिर्यादच दिलेली नाही."