खातं आधीच जोडलेलं आहे

मंगळावरची ड्यूटी संपली की हेमांगीच्या नवऱ्याचं मन फोनच्या लाइनवरून सहाला घरी, शरीरात परत यायचं आणि आल्याआल्या ‘हेमू, चहा’ म्हणायचं; तिला हेमू म्हणणारा तो एकटाच. आज साडेसात झाले तरी त्याचं शरीर खुर्चीत निपचित पडलेलं. तिनं मोडेमवरून सर्व्हरला पुन्हा डायल केलं. उत्तर तेच: ‘हे खातं आधीच जोडलेलं आहे.’

“मोडेम बंद करून चालू करा,” मदतकेंद्रातली मुलगी फोनवर म्हणाली.

“दहा वेळा केलं हो! माझा माणूस अडकलाय!”

“पासवर्ड कुणाला दिलाय का, मॅडम?”

हेमांगीला आठवलं. शेजारच्या कर्णिकांचं खातं बंद पडलं होतं, म्हणून कालच तिनं त्यांना नवऱ्याचा पासवर्ड दिला होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कर्णिक उभे होते, संतापलेले.

“हेमू, पासवर्ड कुणाला देऊ नकोस म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुला?”